मधल्या आळीचा वॉर्ड कसा मोडला

शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं बाजाराचं गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांची नातवंडं अजून तिथे नांदतात आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही, त्यांच्या आजोबांशी आहे. आजोबा मेले म्हणून ते मिटलं असं मी मानत नाही.

गावात तीन आळ्या. वरच्या आळीत देऊळ आणि शाळा, खालच्या आळीत ओढ्याकडची घरं, आणि या दोहोंच्या मध्ये पेठ, म्हणजे आमची मधली आळी. किराण्याची दुकानं, सोनार, शिंपी, भाताची गिरणी, सगळं तिथेच. तिसाच्या सालानंतर कधीतरी गावाला ग्रामपंचायत आली आणि तीन आळ्यांचे तीन वॉर्ड झाले. माणसं त्याला 'वारड' म्हणत. मधला वॉर्ड सगळ्यात लहान, पण सगळ्यात तोऱ्याचा. तो जेमतेम दहा वर्षं टिकला. आज आळीत कोणाला विचारलं तर असा काही वॉर्ड होता हेही सांगता येणार नाही. मला सांगता येतं, कारण त्याचा शेवटचा मेंबर माझा नवरा होता.

माझे वडील गाड्या करणारे सुतार. मला भाऊ नव्हता. डोळखांबच्या बाजूला डोंगरातल्या एका पाड्यावर एक सुताराचं घर होतं, तिथला धाकटा मुलगा वडिलांनी पाहिला आणि त्याला घरजावई करून आणला. हात चांगला होता त्याचा, हे मी नाकारत नाही. चाकावर लोखंडी धाव चढवताना तो एकदाही चुकला नाही. पण त्याची बोली डोंगरातली. तो बोलायला लागला की आळीतल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, मनात तो कायम 'तो' राहिला. इथेही तसंच लिहिते.

वडिलांनी मरायच्या आधी घर माझ्या नावावर केलं. हत्यारं जावयाला दिली. त्यानं पुढे घराला लागून खालच्या बाजूला गाड्यांच्या कामाची एक शेड बांधली, ती त्याच्या नावावर लागली. घराची घरपट्टी माझ्या नावानं, शेडची त्याच्या. घरपट्टी भरणाऱ्याला मत होतं, म्हणून वॉर्डाच्या यादीत आम्ही दोघंही होतो. त्या यादीत बायका मोजक्या, आणि ज्या होत्या त्या म्हाताऱ्या विधवा. नवरा जिवंत असलेली मी एकटीच.

आमच्या घराला पुढे ओटा होता. काळ्या दगडाचा, सहा-सात माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब. दगड वडिलांनी ओढ्यातून स्वतः केलेल्या गाडीतून आणले होते. शेवटच्या आजारात त्यांचं अंथरूण त्या ओट्यावरच होतं, कारण घरात त्यांना घुसमटल्यासारखं व्हायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं वाजली की ते पडल्या पडल्या सांगायचे, ही आपली, ही नाही. ते गेल्यावर ओटा माझा झाला. तांदूळ निवडायला, लेकीची वेणी घालायला, दुपारचं नुसतं बसायला मी तिथेच असायची. घरात माझं म्हणावं असं मला तेवढंच वाटायचं.

ओटे सगळ्यांचेच होते. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनीच ते रस्त्यावर पुढे आणलेले. सगळ्यात पुढे होता गिरणीवाल्याचा. त्याला सगळे शेठ म्हणत. त्याचं घर आळीच्या वळणावर, आणि ओट्याचा कोपरा असा पुढे आलेला की भरलेली गाडी तिथे आली की गाडीवान खाली उतरून बैलाची वेसण धरायचा. शेठ ओट्यावर बसून बघायचा. "हळू रे, माझा दगड लागल," म्हणायचा. रस्ता लागेल असं कधी म्हणाला नाही.

पहिली दोन वेळा वॉर्डाचा मेंबर शेठच झाला. मतदान देवळापुढं व्हायचं, हात वर करून. तालुक्याहून एक कारकून यायचा, नावं घ्यायचा आणि हात मोजायचा. शेठ समोरच खुर्चीत बसलेला असायचा, त्यामुळे कोणाचा हात वर गेला नाही हे त्याला दिसायचंच. पहिल्या वेळी मी गेले होते. देवळाच्या पायरीशी बायकांमध्ये उभी राहिले. कारकुनानं माझं नाव वाचलं आणि विचारलं, "बाई कुठं आहे?"

शेठ म्हणाला, "बाईमाणसाला पुढं कशाला आणतां? तिचा घरवाला हाय ना. तो करील तिचा हात वर."

माझ्या नवऱ्यानं दोन्ही हात वर केले. एक त्याचा, एक माझा. लोक हसले, कारकुनानं दोन मोजले. शेठनंही आपल्या म्हाताऱ्या आईसाठी दुसरा हात वर केला होता, त्यामुळे तक्रार कोण करणार. मी तिथून घरी आले आणि त्यानंतर देवळापुढं गेले नाही. गेले असते तरी काय.

मग आग लागली. भर दुपारी, उन्हाळ्यात. आळीच्या खालच्या टोकाला लोहाराचं घर होतं, त्याच्या मागे पेंढ्याची उडवी. भट्टीतली ठिणगी गेली म्हणतात. वरच्या आळीतून पाण्याची पिंपं घालून गाडी निघाली आणि शेठच्या कोपऱ्यावर अडकली. चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गड्डा, दगडात बसला. बैल मागे येईनात, पुढे जाईनात. माणसांनी पिंपं उतरवून हातांनी पाणी न्यायला घेतलं तोवर लोहाराचं घर गेलं. दावणीचे बैल सोडायला लोहाराची बायको आत शिरली, बैल सुटले नाहीत आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. ती वाचली. पण पुढे तिला साधा तांब्या धरायचा तरी दोन्ही मनगटांत दाबून धरावा लागायचा.

शेठ दुसऱ्या दिवशी लोहाराकडे गेला आणि भाताची एक गोण देऊन आला. कोपऱ्याबद्दल बोलला नाही.

त्या वर्षी निवडणूक आली तेव्हा आळीच्या खालच्या टोकाची माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसली. लोहार होता, शिंपी होता, दोन-तीन गाडीवाले होते. लोहार माझ्या नवऱ्याला म्हणाला, "तू उभा ऱ्हा. तुला रस्ता कळतो. गाडीचा कणा किती, चाकाला जागा किती लागते, ते या गावात तुझ्याबिगर कोणाला ठावं?"

नवरा म्हणाला, "मी घरजावई. मला कोण मत देल?"

"आमी देतो."

मी आत चहा टाकत होते. मला वाटलं, ही माणसं गेली की तो मला विचारील. विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, नको. त्या आळीत जन्म माझा झालेला, शेठशी वैर म्हणजे काय ते मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, डोंगरात लोक भांडतात ते उघड भांडतात.

देवळापुढं हात वर झाले. शेठ खुर्चीत बसलेला असूनही लोकांनी माझ्या नवऱ्यासाठी हात वर केले, हे मात्र त्या वॉर्डाच्या बाजूनं सांगायला हवं. तो निवडून आला. एका हातानं. लोहार धावत सांगायला आला, "वैनी, एका मतानं आला." मी विचारलं, "यांनी दोन्ही हात वर केले का?" लोहार म्हणाला, "व्हय तर. तुमचा पण." म्हणजे तो माझ्या हातानं निवडून आला होता, आणि मी तेव्हा घरात भाकरी थापत होते. मी मनापासून कोणाला दिलं असतं ते मला आजही माहीत नाही.

मेंबर झाल्यावर त्यानं एक लांब काठी तासली आणि तिच्यावर खुणा केल्या. गाडीची रुंदी, अधिक दोन्ही बाजूंना हातभर जागा, अधिक गटार. ती काठी घेऊन तो आळीभर फिरला. जिथे काठी आडवी मावेना तिथे ओट्यावर गेरूनं रेघ मारली. पंचायतीत ठराव झाला, तालुक्याची मंजुरीही आली. रेघेच्या बाहेरचा ओटा ज्यानं त्यानं काढायचा, नाहीतर पंचायत काढील.

आमच्या ओट्यावरही रेघ होती. रेघ कसली, भिंतीपासून जेमतेम वीतभर सोडून सगळा ओटा रेघेच्या बाहेर. मी ती बघितली आणि मला वाटलं, आपल्या घराचं शेवटी बघू असं तो म्हणेल. कोणीही तसंच म्हणालं असतं.

मी ओढ्यावर धुणं घेऊन गेले होते. परत आले तर पहारीचा आवाज. तो एकटाच होता, घामानं निथळत. वडिलांच्या ओट्याचे दगड उपसून रस्त्याच्या कडेला रचत होता. अर्धा ओटा गेलेला. आळीतले लोक आपापल्या ओट्यांवर बसून बघत होते.

मी धुणं खाली ठेवलं. म्हटलं, "हे काय करतांव?"

"आपला आधी काढला पायजे. नायतर दुसऱ्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

"घर माझ्या नावावर हाय."

तो थांबला नाही. "रस्ता कोणाच्या नावावर नाय," म्हणाला.

लोकांसमोर म्हणाला. तिकडे कोणीतरी हसलं. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून पुढे किती दिवस मी त्याच्याशी बोलले नाही ते सांगता येत नाही, पण त्याच्या ते लक्षात यायला चार दिवस लागले.

बाकीच्यांनी कुरकुरत ओटे काढले. शेठनं काढला नाही. मुदत गेली तेव्हा माझा नवरा दोन माणसं घेऊन त्याच्या कोपऱ्याशी गेला. शेठ दारात उभा राहिला, हात मागे बांधून. कोपरा पूर्ण निघेपर्यंत तिथून हलला नाही. शेवटचा दगड उचलला तेव्हा म्हणाला, "सुतारा, तू माझा ओटा कापलास. मी तुझा वारड कापतो."

माझ्या नवऱ्याला ते कळलं नाही. घरी येऊन त्यानं मला सांगितलं आणि हसला. "वारड काय लाकूड हाय कापायला?" 

रस्ता झाला. गटारही झालं, आळीच्या वरपासून लोहाराच्या घरापर्यंत. पहिल्या पावसाळ्यात खालच्या टोकाच्या घरांत पाणी शिरलं नाही. हे मी बघितलं आहे आणि ते खोटं म्हणणार नाही. पण रस्त्याचं सुख खालच्या टोकाला, आणि त्याची किंमत माझ्या दारात.

आळीला पाणी शेठच्या परसातल्या विहिरीचं. एक दिवस गेले तर रहाटाचा दोर काढून ठेवलेला. शेठाणी म्हणाली, "दोर कुजला." माझ्या मागून सोनाराची सून आली, तिला आतून दोर आणून दिला. मी कळशी घेऊन ओढ्यावर गेले, आणि पुढे दोन वर्षं रोज गेले. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. गाड्या दुरुस्तीला शहापूरच्या सुताराकडे जायला लागल्या. शेडमध्ये वाळत घातलेल्या सागाच्या फळ्यांवर कोणीतरी शेण-चिखल कालवून ओतला. माझ्या नवऱ्यानं फळ्या धुतल्या, पुन्हा उन्हात उभ्या केल्या आणि कामाला लागला. त्याला या सगळ्याचं काही वाटत नाही असं दिसायचं. त्यानं मला जास्त राग यायचा. वाटत असतं तर आम्ही दोघं तरी एका बाजूला असतो.

लढाईची वर्षं ती. रॉकेल मिळेना, लोखंड मिळेना. धाव चढवायला लोखंड नाही म्हणून तसंही काम कमी, त्यात हे.

आमची एकुलती एक लेक कल्याणजवळ दिली होती. तिला पहिल्यांदा दिवस गेले. सातव्या महिन्यात आणायचं ठरलं. मी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणून ठेवला. गावातली सुईण शेठच्या जागेत राहायची. मी तिला सांगायला गेले तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं छप्पर त्यांच्या जाग्यात हाय गो. मला नाय जमायचं." ही सुईण. माझ्या लेकीला हिनंच हातात घेतलं होतं.

हे लेकीच्या सासूला कसं कळलं कोण जाणे. आमच्या आळीत बातमीला पाय नव्हते, मोटार होती. सासूचा निरोप आला. पोरीला पाठवत नाही. जिथे सुईण येत नाही, बारशाला चार बाया येणार नाहीत, तिथे आमचं पहिलं नातवंड कशाला जन्माला घालायचं? लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी झालं. मी पेटीतली दुपटी कल्याणच्या मोटारीतून एका ओळखीच्या बाईबरोबर पाठवली. स्वतः गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं हातातला रंधा खाली ठेवला. मग म्हणाला, "पोरगी सुखरूप हाय ना?"

"हाय."

"मंग झालं."

माझ्या मते तिथे काहीच झालेलं नव्हतं.

मेंबरकीची मुदत संपत आली होती. खालच्या टोकाची माणसं म्हणायला लागली, सुतारच पुन्हा. शेठनं ते ऐकलं असणार. एक दिवस दुपारी जेवणं झाल्यावर शेठाणी आमच्या दारात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. नवरा लाकूड बघायला डोळखांबकडे गेलेला होता, हे बघूनच आली.

"बसायला ओटा नाय ऱ्हायला गो तुझ्याकडं," म्हणाली आणि आत येऊन बसली. पदराआडून एक कागद काढला. "तुला वाचता येतं. वाच."

अर्ज होता, मामलेदारसाहेबांना. मधला वॉर्ड लहान आहे, त्याला वेगळा मेंबर असायचं कारण नाही, वेगळ्या मेंबरामुळे आळीत तंटे वाढले. सबब वळणाच्या वरची घरं वरच्या वॉर्डात आणि खालची खालच्या वॉर्डात घालावी. खाली सह्या आणि अंगठे. बऱ्याचशा मला ओळखू आल्या.

"माझी कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"मत तुझं हाय. घरपट्टी तुझ्या नावावर. मेंबराच्या घरची सही असली तं साहेब जास्ती इचारत नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बापाचा ओटा मोडताना त्यानं तुला इचारलं?"

मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"वारड गेला की मेंबरकी गेली. मेंबरकी गेली की तू आमच्यातली. इहिरीवर ये. पोरीला पुढल्या खेपेला हितंच आण, सुईण मी धाडीन."

शेठाणी काय आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. गोड बोलताना ती माझ्या चुलीकडे बघत होती, काय शिजलं होतं ते. मला तिचा राग होता. नवऱ्याचा त्याहून जास्त होता. मी आतून टाक आणला आणि सही केली. वडिलांनी शिकवलेल्या अक्षरात, त्यांचंच आडनाव लावून. सरकारी कागदावर माझं अक्षर गेलं ते पहिल्यांदा.  मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

दीड-दोन महिन्यांनी मामलेदार गावात मुक्कामाला आले. शाळेत बसून अर्जाची चौकशी केली. माझ्या नवऱ्यानं स्वच्छ सदरा घातला, ती खुणांची काठी बरोबर घेतली आणि गेला. काठी कशाला असं मी मनात म्हटलं. थोड्या वेळानं शिपाई मला बोलवायला आला. "साहेबांनी बोलावलंय. सहीची ओळख पटवायची हाय."

शाळेत अख्खी आळी होती. बाकांवर पुरुष, खिडक्यांबाहेर बाया. शेठ पुढच्या बाकावर. मामलेदार तरुण होते, पुण्याकडचं बोलायचे. माझा नवरा त्यांच्या टेबलापुढं उभा होता. मी दारात थांबले.

मामलेदारांनी त्यालाच आधी विचारलं, "तुम्ही म्हणता वॉर्डातल्या लोकांना हा अर्ज नको आहे. मग ही सही कोणाची?"

त्यानं कागद हातात घेतला. त्याला फार वाचता येत नव्हतं, पण ते अक्षर घरातल्या पेटीवर, डब्यांवर रोज बघितलेलं.  शेठची माणसं खोट्या सह्या करतात हे गावाला माहीत होतं. तो म्हणू शकला असता की ही खोटी आहे. मी तिथे उभी होते, मला लोकांपुढं खरं-खोटं करायला लाज वाटली असती आणि मी कदाचित गप्प बसले असते. अर्ज तिथेच मोडला असता.

तो म्हणाला, "सही तिचीच हाय."

"ही कोण?"

"माझं कुटुंब."

शेठ हसला नाही. त्यानं फक्त मान खाली घातली, आपण नाही बघितलं असं दाखवायला. त्याचं ते मान घालणं मला अजून दिसतं आणि अजून तिडीक येते.

मामलेदारांनी मला विचारलं, "बाई, कोणी जबरदस्ती केली का?"

"नाही."

"काय लिहिलं आहे ते वाचून सही केलीत?"

"वाचून केली."

"मग तुमचं म्हणणं काय? तुमचा नवरा मेंबर आहे, आणि वॉर्ड नको असं तुम्ही म्हणता."

मी म्हटलं, "मत माझं आहे. तीन वेळा ते दुसऱ्यानं वापरलं. या वेळी मी वापरलं."

खिडकीबाहेरच्या बाया कुजबुजल्या. मामलेदारांनी काहीतरी लिहून घेतलं. माझा नवरा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. एखादी फळी सरळ समजून घ्यावी आणि तासायला घेतल्यावर आत पीळ निघावा, तेव्हा तो जसा बघायचा, तसा. मग त्यानं काठी उचलली आणि माझ्या बाजूनं बाहेर निघून गेला.

पावसाळ्याआधी हुकूम आला. चावडीच्या भिंतीवर कागद लागला. मधला वॉर्ड बंद. वळणाच्या वरची घरं वर, खालची खाली. आमचं घर वळणाच्या वर पडलं आणि त्याला लागलेली शेड खाली. म्हणजे नवरा-बायको एका छपराला छप्पर लावून राहत होतो आणि वॉर्ड दोन झाले. आळीला त्याची मोठी गंमत वाटली.

शेठनं ओट्याचा कोपरा पुन्हा बांधला, पहिल्यापेक्षा हातभर पुढे, चुन्यात पक्का. पाठोपाठ इतरांनीही बांधले. गटारात माती पडत गेली आणि पुढच्या पावसात खालच्या टोकाला पाणी शिरलं. मीही ओटा बांधावा असं शेठाणी म्हणाली. दगड रस्त्याच्या कडेला पडलेले होतेच. मी दोन गवंड्यांना विचारलं, दोघं येतो म्हणाले आणि आले नाहीत. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता. दगड हळूहळू कमी झाले. त्यातले काही शेठच्या नव्या कोपऱ्यात आहेत. त्यांवरची छिन्नीची खूण मी ओळखते.

विहिरीचा दोर मला मिळायला लागला, हे खरं. पण मी गेले की बाया बोलायच्या थांबायच्या. पाठीमागे माझं नाव 'नवऱ्यावर सही केलेली' असं पडलं. ज्यांनी सही करवून घेतली त्यांनीच पाडलं. लोहाराची बायको एकदा रस्त्यात समोर आली. मी हसले. ती थांबली, भाजके हात पदरात घेतले आणि बाजूनं गेली. ती माझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही. बाकीच्या आळीच्या बोलण्याची मला पर्वा नव्हती. हिची होती.

आणि लेक. दुसऱ्या खेपेला मी तिला आणायला स्वतः कल्याणला गेले. तिनं मला पाणी दिलं, बाळ मांडीवर दिलं आणि म्हणाली, "आई, तू बाबांवर सही केलीस. मी तिथं बाळंतपणाला येणार नाही." सासूसमोर म्हणाली. सासूला ते आवडलं असणार.

नवरा घर सोडून गेला नाही. डोंगरात त्याचे भाऊ होते, जाऊ शकला असता. तो शेडमध्ये काम करायचा, वेळेला जेवायला यायचा, मीठ कमी असलं तर सांगायचा. लागेल तेवढंच बोलायचा. मी वाट बघत होते की एकदा तरी भांडेल. ते त्यानं मला दिलं नाही.

पुढच्या निवडणुकीला तो गेला नाही. मी गेले. देवळापुढं वरच्या वॉर्डाचं मतदान होतं आणि शेठचा पुतण्या उभा होता. कारकुनानं माझं नाव वाचलं. मी पुढे झाले आणि पुतण्याच्या विरुद्ध जो कोणी उभा होता त्याच्यासाठी हात वर केला. त्याच्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. आमच्या बाजूला हात थोडेच होते. पुतण्या सहज आला. दुसऱ्या सकाळी विहिरीवर दोर नव्हता.

त्या दिवशी ओढ्यावरून कळशी घेऊन आले तेव्हा नवरा शेडच्या तोंडाशी बसून चाकाचा आरा तासत होता.

"काल हात वर केलास म्हणं," तो म्हणाला.

"केला."

"काय उपेग झाला?"

"काय नाय."

तो तासत राहिला. मी कळशी खाली ठेवली. इतक्या वर्षांत जे तोंडाशी होतं ते म्हटलं, "ओटा मोडताना तुमी मला इचारलं नाय."

"इचारलं असतं तं तू नाय म्हटली असतीस."

"म्हटली असती."

"म्हणूनच नाय इचारलं." त्यानं आरा उचलून डोळ्यासमोर धरला, सरळ आहे का बघितला. "लोहाराची बाई तवा जळली व्हती. मला तुझं 'नाय' ऐकायला टाइम नव्हता."

ते खरं होतं आणि तरी त्यानं मला विचारायला हवं होतं. दोन्ही मला एकाच वेळी मान्य आहेत, आणि त्यातून काही निघत नाही. मी म्हटलं, "सही करून मी चुकले असं म्हणणार नाय मी."

"म्हणू नको," तो म्हणाला. "पाणी आत ने, ऊन लागतंय."

या विषयावर आमचं झालेलं बोलणं एवढंच. स्वराज्य आल्यावर सगळ्यांना मत मिळालं, घरपट्टी असो नसो, आणि हात वर करायचे दिवस गेले. त्यानंतर काही वर्षांनी तो वारला. लेक आली, दहा दिवस राहिली, माझ्या हातचं जेवली आणि परत गेली. शेठच्या घरून कोणी आलं नाही, आणि ते मला बरंच वाटलं.